तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठे? हवामानाची माहिती आणि गावाचा निर्णय

आयोजकांनी आम्हाला दिलेला विषय असा : 'हवामानबदलाची विश्वासार्ह माहिती नागरिकांपर्यंत आणि स्थानिक पदाधिकाऱ्यांपर्यंत कशी पोहोचवावी?' विषय वाचल्यावर आम्ही जरा अडखळलो, ते 'पोहोचवावी' या शब्दाशी. माल तयार आहे, गोदामात पडून आहे, फक्त गाडी मिळत नाही, असं त्या शब्दात गृहीत धरलेलं असतं. मग अॅप काढा, पोस्टर छापा, मराठी भाषांतर करा, की झालं काम. आमचं म्हणणं असं की गाडीची अडचण आहेच, पण माल पण अर्धवट आहे. आजचं बोलणं त्या अर्धवट मालाबद्दल आहे.

आम्ही म्हणजे आमचा पाच-सहा जणांचा अभ्यासगट. कुणी शाळेत शिकवतो, कुणी शेती करतो, एक जण तलाठी म्हणून निवृत्त झालेले. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतींमध्ये बसून हवामानाची पत्रकं गावकऱ्यांबरोबर एकत्र वाचायची, एवढंच आम्ही करतो. आम्ही हवामानशास्त्रज्ञ नाही, वाचक आहोत. त्यामुळे ही टीका वाचकाची आहे, असं समजा.

सुरुवात एका शब्दापासून करू. घाटाखालच्या एका गावात जुलै महिन्यात आम्ही बसलो होतो. सरपंचताईंच्या फोनवर त्या दिवशीचा इशारा आला होता : 'घाट परिसरात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता.' ताईंनी तो मोठ्यानं वाचला आणि आमच्या निवृत्त तलाठ्यांना म्हणाल्या, "तुरळकच म्हणलंय ना, भाऊसाहेब? मग आपल्याकडं काय नाय." आणि त्या पुढच्या कामाला लागल्या.

ताईंचं काही चुकलं का? मराठी म्हणून त्यांनी अगदी बरोबर वाचलं. तुरळक म्हणजे विरळ, थोडं, इकडे-तिकडे. पण हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' हे पावसाच्या जोराचं माप नाही, पसाऱ्याचं आहे. त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्के तर 'बऱ्याच ठिकाणी', त्याच्यावर 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे त्या वाक्याचा खरा अर्थ असा होता : जिथे पडेल तिथे धो धो पडेल, पण अशी ठिकाणं थोडी असतील आणि ती नेमकी कोणती हे आज सांगता येत नाही. आता सांगा, हे ऐकून कुणी "आपल्याकडं काय नाय" म्हणेल का? वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होतं. ते ज्यांच्यासाठी होतं, त्यांच्या कानात मात्र उलटं उतरलं.

दुसरा शब्द घ्या, 'अतिवृष्टी'. महसूल खात्याच्या लेखी एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. पंचनामे, नुकसानभरपाई, सगळं त्या आकड्यावर चालतं. हवामान खात्याच्या श्रेणीत ६४.५ मिलिमीटरला नुसता 'मुसळधार' सुरू होतो. ११५.६ पासून 'अति मुसळधार', आणि २०४.५ च्या पुढे सगळ्यात वरची पायरी. हवामानाच्या बातम्यांत 'अतिवृष्टी' हा शब्द त्या वरच्या पायरीसाठीही वापरलेला आढळतो. म्हणजे तहसील कचेरीत एक अर्थ आणि टीव्हीवर दुसरा. दोन्हींमध्ये तिप्पट पाण्याचा फरक.

हा तिप्पट फरक गावाच्या मापात करून बघू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ६५ मिलिमीटर पाऊस एका एकरावर सुमारे दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर पाणी ओततो. दहा हजार लिटरचे छोटे टँकर धरले तर २६ टँकर. २०४.५ मिलिमीटरला हेच जवळजवळ ८३ टँकर होतात. आम्ही हा हिशेब खडूने फळ्यावर करतो तेव्हा मागे बसलेली मंडळीसुद्धा पुढे सरकतात. मिलिमीटर कुणाला दिसत नाही, टँकर दिसतो. उतारावरच्या माणसाला लगेच कळतं की वरच्या पन्नास एकरांचं पाणी आपल्या अंगणातून जाणार आहे.

रंगांचंही तेच. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. आपल्याकडे समज असा की रंग म्हणजे पावसाचं प्रमाण : पिवळा म्हणजे थोडा, लाल म्हणजे फार. खरं तर हे रंग प्रामुख्याने आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेला सांगतात की तुम्ही काय करायचं : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. पाऊस किती, त्याची शक्यता किती आणि परिणाम काय होईल, याचा एकत्र विचार त्यात असतो. आता 'कृती करा' हे क्रियापद झालं. पण त्याला कर्ता नाही. कृती कुणी करायची? सरपंचानं? ग्रामसेवकानं? पोलीस पाटलानं? आणि कृती म्हणजे काय, शाळा बंद ठेवायची की वाडी खाली करायची? इशारा जिल्ह्याच्या नावाने निघतो आणि वाडीपर्यंत येईस्तोवर तो नुसता एक रंग उरतो.

आता शब्दांकडून नकाशाकडे जाऊ. इथे बोलताना आमचा आवाज जड होतो, कारण या गोष्टीत माणसं गेलेली आहेत.

३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. दीडशेच्या वर माणसं गेली. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातलं तळिये. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या पायथ्याची अठ्ठेचाळीस घरांची ठाकर वाडी. गाडीरस्ता नाही, बचाव पथकं रात्री पायी चढून गेली. त्यानंतर विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, आणि १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता.

'यादीत नव्हती' या दोन शब्दांवर आम्हाला थांबायचंय. ते सांगितलं गेलं स्पष्टीकरण म्हणून. पण वाचकाच्या नजरेने बघितलं तर तो त्या यादीवरचा सगळ्यात मोठा आरोप आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभर केलेला दरडप्रवणतेचा नकाशा १:५०,००० या प्रमाणावर आहे. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. दोनशे मीटर लांबीची वाडी त्या नकाशावर चार मिलिमीटरची, भाताच्या दाण्याहूनही लहान. तो नकाशा विभाग समजून घेण्यासाठी उत्तम आहे. कुठे बारकाईनं बघायला हवं ते तो सांगतो. पण अशा साधनांतून जेव्हा 'अमुक गावं धोकादायक' अशी यादी बनते, तेव्हा कागदावर नसलेली दुसरी यादीही आपोआप बनते, सुरक्षित गावांची. ती कुणी लिहिलेली नसते, कुणी तपासलेली नसते. आणि सगळे अधिकारी, सगळे सरपंच त्या दुसऱ्या यादीवर विसंबतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अशा कुठल्याही यादीच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं : 'यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे असे नव्हे. ही पाहणी अमुक प्रमाणावर, अमुक साली झाली आहे. अमुक वाड्यांना प्रत्यक्ष भेट दिलेली नाही.' माहितीला विश्वासार्ह करायचं तर तिची हद्द तिच्याबरोबर छापली पाहिजे. 'आम्हाला इथलं माहीत नाही' ही सुद्धा सरपंचाच्या कामाची माहिती आहे. ती मिळाली तर ताई निदान स्वतः वरची भेग बघायला माणूस पाठवतील.

पश्चिम घाटाबद्दलची माहिती लोकांपासून कशी दूर राहते, याचं एक जुनं उदाहरण या जिल्ह्यांतल्या लोकांना आठवत असेल. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी केंद्राला अहवाल दिला. तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तेही माहिती अधिकाराखालचा अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालय एवढा प्रवास करून. त्या अहवालाचा आग्रहच असा होता की सीमा कुठे आखायच्या, काय चालेल, काय चालणार नाही, हे ग्रामसभांशी बोलून ठरावं. ज्या कागदाचा जीव ग्रामसभेत होता, तो आठ-नऊ महिने कपाटात राहिला. तोवर गावात अफवा पोहोचल्या, घर बांधता येणार नाही, गोठा वाढवता येणार नाही. अहवालाशी सहमत असा वा नसा, तो प्रश्न वेगळा. पण कागदाच्या आधी अफवा गेली की नंतर कागद कितीही खरा असला तरी त्याला कुणी ऐकत नाही.

आता तिसरी गोष्ट, सरासरी. इथे आधी आमचीच चूक कबूल करतो. आमच्या गटाने पहिल्या वर्षी एक पोस्टर केलं होतं, 'पृथ्वीचं तापमान दीड अंशाने वाढतंय'. ते बघून एक अंगणवाडी ताई म्हणाल्या, "दीड अंशानं काय होतंय, दादा? इथं पहाटे आन् दुपारी पंधरा अंशांचा फरक असतो." आम्ही गप्प. प्रश्न बिनतोड होता आणि आमच्या पोस्टरमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. सगळ्या पृथ्वीची, सगळ्या वर्षाची सरासरी आम्ही एका गावाच्या भिंतीवर चिकटवली होती. ज्याला उद्या निर्णय घ्यायचाय त्याला त्या आकड्याचा काडीचा उपयोग नव्हता.

उपयोगाचा आकडा नव्हता असं नाही. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतापुरता एक आढावा प्रसिद्ध केला. फुकट वाचता येतो. त्यात आहे की १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. आणि त्याच सुमाराच्या काळात मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या.

शेवटची दोन वाक्यं एकत्र वाचा. एकूण पाऊस थोडा कमी, आणि एकेका दिवसाचा दणका जास्त. हीच तर गावची गोष्ट आहे! नाल्यावरची मोरी किती व्यासाची टाकायची, बांधाला सांडवा किती ठेवायचा, दुबार पेरणीसाठी बियाणं राखायचं का, हे सगळे निर्णय या दोन वाक्यांत दडलेले आहेत. पण ही वाक्यं पुण्याच्या पाषाण परिसरात बसलेल्या माणसांनी इंग्रजीत लिहिली, आणि पाषाणपासून शंभर किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीत मोरीचा व्यास अजून जुन्याच अंदाजाने ठरतो. वर आणखी एक मेख आहे : 'मध्य भारत' म्हणजे कुठे? हवामान खात्याच्या मोठ्या विभागणीत महाराष्ट्र मध्य भारतात येतो. संशोधकांच्या चौकटीत तो कधी पूर्ण येतो, कधी अर्धाच. म्हणजे हा ७५ टक्क्यांचा आकडा रत्नागिरीला तसाच्या तसा लावता येईल का? नाही. हे सांगायची जबाबदारीही माहिती देणाऱ्याची आहे.

'सामान्य मान्सून' हाही असाच फसवा शब्द. जून ते सप्टेंबरचा देशाचा दीर्घकालीन सरासरी पाऊस, १९७१ ते २०२० या वर्षांचा, सुमारे ८७ सेंटिमीटर. त्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की वर्ष सामान्य. आता समजा एका तालुक्यात जुलैत वीस दिवस कोरडे गेले, सोयाबीन माना टाकून बसलं, आणि मग तीन दिवसांत महिन्याचा सगळा कोटा पडून उरलंसुरलं वाहून गेलं. महिन्याचा तक्ता म्हणेल, सरासरी गाठली. शेतकरी म्हणेल, वर्ष गेलं. दोघंही खरं बोलतायत, फक्त तक्त्याला शेतकऱ्याचा प्रश्न विचारलाच गेलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, आता परिस्थिती सुधारतेय. हो, सुधारतेय, आणि तेही सांगायला हवं. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत मिळून दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाज पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर आणि अॅपवर मिळू लागला. ग्रामपंचायत स्तरावर पर्जन्यमापक बसवण्याची केंद्राची योजनाही आहे. ही चांगली कामं आहेत.

पण त्याच २०२४ च्या सुरुवातीला दुसरी गोष्ट झाली. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवरचे कृषी हवामान कक्ष होते. तिथली माणसं आठवड्यातून दोनदा अंदाज घेऊन स्थानिक भाषेत, स्थानिक पिकांसाठी सल्ला लिहायची : फवारणी दोन दिवस थांबवा, कापणी उरकून घ्या. देशभरातले असे १९९ कक्ष बंद केले गेले. तो निर्णय पुढे बदलो वा न बदलो, त्यामागची समजूत आम्हाला टोचते. समजूत अशी की आकडे आपोआप यायला लागले की मधला माणूस नको. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. आकडे जितके जास्त, तितकी मधल्या माणसाची गरज जास्त. ग्रामपंचायतीच्या नावाने अंदाज आला म्हणून तो त्या ग्रामपंचायतीसाठी तितकाच अचूक होत नाही. संगणकाच्या जाळीतला एक चौकोन कित्येक किलोमीटरचा असतो, त्यात डोंगरमाथा आणि पायथा दोन्ही सापडतात. पडद्यावर गावाचं नाव दिसलं की भरवसा वाढतो, अचूकता मात्र आहे तेवढीच राहते. हे ताईंना सांगणारं कुणीतरी हवं की नको?

मग करायचं काय? आम्हाला वाटतं ते सांगतो, आणि तेवढंच सांगतो जेवढं आम्ही करून बघितलंय. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या आधी येते. त्या सभेत एक फळा मांडायचा. कोणताही इशारा आला की फळ्यावर पाच गोष्टी लिहायच्या. कुठे, म्हणजे जिल्हा की तालुका की घाटभाग. किती, तो टँकरच्या भाषेत. कधीपासून कधीपर्यंत. खात्री किती. आणि शेवटचं, कुणी काय करायचं, माणसाच्या नावासह. 'लाल इशारा आणि दिवसभरात आपल्या मापकात शंभराच्या वर पाऊस, तर वरच्या वाडीतली मंडळी रात्री शाळेत झोपतील, किल्ली अमक्याकडे.' शंभर हा आकडा आम्ही दिलेला नाही, तो गावाने आपल्या आठवणीतून आणि मापकातून ठरवायचा, तज्ज्ञाला विचारून पक्का करायचा. ज्या इशाऱ्यात या पाचांपैकी काही नसेल, ती जागा फळ्यावर रिकामी ठेवायची. ती रिकामी जागा घेऊन तालुक्याला विचारायला जायचं.

शेजारी दुसरा रकाना : अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय झालं. साधं मापक घेऊन रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा. शाळेची मुलं हे मन लावून करतात. दोन हंगाम झाले की गावाला स्वतःला कळतं, अंदाजावर कुठे विसंबायचं, कुठे नाही. अंदाज चुकला की लोक "यांचं नेहमीचंच" म्हणतात. रोजची नोंद असली तर ते तसं म्हणत नाहीत, कारण किती वेळा बरोबर आला तेही समोर लिहिलेलं असतं.

हे स्वप्नरंजन नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची रीत कित्येक वर्षं चालवली आहे. पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे, प्यायला किती लागेल, मग कोणतं पीक घ्यायचं, कोणतं नाही. तिथे माहिती 'पोहोचवली' गेली नाही. गावाने ती मोजली, सभेत मांडली, आणि तिच्यावर एकमेकांना शब्द दिला. सगळी गावं हिवरे बाजार होणार नाहीत, मान्य. पण फळा आणि खडू सगळीकडे आहे.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आता मोबाइलवर कुणीही विचारलं तर लगेच उत्तर मिळतं. मग तुमचा फळा कशाला?)

चांगला प्रश्न. दर पावसाळ्यात एक गंमत होते, तुम्हीही बघितली असेल. मागच्या वर्षीच्या लाल इशाऱ्याचं चित्र कुणीतरी पुढे ढकलतं. त्यावर तारीख नसते, किंवा कापलेली असते. दोन तासांत सगळा तालुका घाबरतो. आणि पुढच्या आठवड्यात खरा इशारा येतो तेव्हा लोक म्हणतात, परवासारखंच असेल. मोबाइलवर उत्तर मिळतं, पण ते एकट्याला मिळतं. वाडी खाली करायची हा निर्णय एकट्याचा नसतो. अर्धी वाडी निघाली आणि अर्धी राहिली तर निघालेलेही परत येतात. म्हणून सगळ्यांनी एकच गोष्ट, एकाच ठिकाणी, तारखेसह वाचलेली असावी लागते. मोबाइल जरूर वापरा, त्यावर आलेलं फळ्यावर उतरवा. पाच रकाने भरता आले नाहीत तर ते पुढे पाठवू नका.

जाता जाता सरपंचताईंचं सांगतो. त्या दिवशी घरी जाण्याआधी आमच्या भाऊसाहेबांनी त्यांना 'तुरळक'चा अर्थ सांगितला. ताई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे कुठं पडंल ते त्यांनाबी ठाव नाय. मग तसं सरळ लिवायचं ना." आणि त्यांनी वरच्या वाडीला फोन लावला. त्या रात्री तिथे विशेष पाऊस झाला नाही. वाडीतली म्हातारी माणसं शाळेत झोपली आणि सकाळी कुरकुरत घरी गेली. आमच्या फळ्यावर त्या तारखेपुढे लिहिलंय : इशारा होता, पाऊस ४१ मिलिमीटर, सगळे सुखरूप. ती नोंद फुकट गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढच्या पावसाळ्यात आमच्याबरोबर एक दिवस यावं.